सैनिक स्कूल आणि नवोदयच्या तयारीचा क्लास: शिकवणी उत्तम, गुणांची समज अपुरी

माझ्या मुलीने जून २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात, म्हणजे तिच्या पाचवीच्या संपूर्ण वर्षात, आमच्या तालुक्याच्या गावातील एका क्लासमध्ये जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीची आणि अखिल भारतीय सैनिक स्कूल प्रवेशपरीक्षेची तयारी केली. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सकाळी सराव चाचणी, असा तो क्लास होता आणि त्याची वर्षाची फी १८,००० रुपये होती. क्लासचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा स्वरूपाचे क्लास आता बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी चालतात आणि मला जे चांगले-वाईट दिसले ते त्यांपैकी कोणत्याही क्लासची निवड करताना पालकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या अभिप्रायाचा हेतू आहे.

आधी चांगल्या बाजूविषयी लिहिते, कारण ती खरोखर चांगली होती. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे असतात. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी ३ गुण आणि बुद्धिमत्ता, भाषा व सामान्य ज्ञान या तीन विभागांतील प्रत्येकी २५ प्रश्नांना २ गुण, अशी ती रचना आहे. त्यामुळे गणित कच्चे असलेल्या मुलाला ही परीक्षा जवळजवळ बंद असते. शिवाय तिच्या अभ्यासक्रमात सरळव्याज, गुणोत्तर-प्रमाण, कोटिकोन व पूरक कोन असे घटक येतात, जे आपल्या राज्याच्या पाचवीच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला हे सगळे नवे होते. गणिताच्या सरांनी यांपैकी एकही घटक सूत्र पाठ करून घेऊन शिकवला नाही. सरळव्याज शिकवताना त्यांनी बचत गटाच्या हिशेबाची वही वर्गात आणली आणि मुलांना प्रत्यक्ष कर्जावरील व्याज काढायला लावले. मुलीने त्या दिवशी घरी येऊन माझ्या गटाची वही मागून घेतली आणि आमच्या दहा जणींचे व्याज पुन्हा मोजले. शिकवणे कशाला म्हणतात, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

बुद्धिमत्तेचा भागही असाच मन लावून शिकवला गेला. नवोदयच्या चाचणीत एकूण ८० प्रश्न आणि १०० गुण असतात, आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ४० प्रश्न, मानसिक क्षमतेचे असतात. वेगळी आकृती ओळखणे, आरशातील प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रे, लपलेली आकृती अशा दहा प्रकारांवर प्रत्येकी चार प्रश्न येतात. क्लासमध्ये खरोखरच कागद दुमडून, कात्रीने कापून आणि उघडून दाखवला जाई. तीन महिन्यांनंतर मुलीला कागदाची गरज उरली नव्हती; ती डोळे मिटून घडी उघडत असे.

तक्रार आहे ती गुणांच्या बाबतीत. मुलांना गुण मिळवायला शिकवणाऱ्या या क्लासने त्या गुणांचा प्रवेशासाठी नेमका अर्थ काय, हे पालकांना वर्षभर सांगितले नाही. आणि जे सांगितले ते अर्धवट होते.

दर रविवारी संध्याकाळी पालकांच्या गटावर चाचणीचा निकाल येई. त्यात मुलाचे नाव, एकूण गुण आणि वर्गातील क्रमांक, एवढेच असे. विषयवार गुण मागितले तरच मिळत. वरवर पाहता ही लहानशी गोष्ट वाटेल, पण सैनिक स्कूलच्या परीक्षेत पात्र ठरण्यासाठी एकूण ४० टक्के गुण आणि त्याबरोबरच प्रत्येक विभागात किमान २५ टक्के गुण, अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. (अनुसूचित जाती आणि जमातींच्या उमेदवारांना ही किमान मर्यादा नाही; त्यांची निवड त्यांच्यातील गुणानुक्रमाने होते.) याचा अर्थ असा की, एखाद्या मुलाला गणितात १२०, बुद्धिमत्तेत ४०, भाषेत ३० आणि सामान्य ज्ञानात १२ गुण मिळाले, तर त्याची बेरीज २०२ होते आणि तरीही तो अपात्र ठरतो, कारण ५० पैकी २५ टक्के म्हणजे साडेबारा गुण होतात आणि त्याचे २५ पैकी सहाच प्रश्न बरोबर आलेले असतात. सातवा प्रश्न बरोबर आला असता तर तो यादीत असता. आमच्या वर्गातील दोन मुले सप्टेंबरपासून नेमकी याच स्थितीत होती आणि एकूण गुणांच्या जोरावर पहिल्या पाचांत येत होती. त्यांच्या आईवडिलांना हा धोका ठाऊक नव्हता. माझ्या मुलीचे सामान्य ज्ञानही कच्चेच होते, आणि मला ते दिवाळीनंतर, तेही मी स्वतः उत्तरपत्रिका मागून घेतल्यावर कळले. सामान्य ज्ञानासाठी क्लासकडे एक छापील पुस्तिका होती आणि ती पाठ करण्यावरच भर होता. गणिताच्या तासाला जे कष्ट घेतले जात, त्यांचा दहावा हिस्साही या विषयाला मिळाला नाही.

‘पात्र’ आणि ‘प्रवेश’ या दोन शब्दांतील अंतर तर क्लासने कधीच स्पष्ट केले नाही. दारावरच्या फलकावर मागील वर्षीच्या मुलांची छायाचित्रे होती आणि वर ‘सैनिक स्कूलसाठी निवड’ असे लिहिले होते. चौकशी केल्यावर समजले की त्यांतील काही मुले केवळ पात्र ठरली होती, त्यांना जागा मिळाली नव्हती. आणि काहींचा प्रवेश संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सैनिक स्कूलमध्ये नसून खासगी संस्थांच्या सैनिकी शाळांत झाला होता. सैनिक स्कूल आणि सैनिकी शाळा ही नावे सारखी वाटली तरी त्या वेगवेगळ्या शाळा आहेत, त्यांची प्रवेशाची पद्धत वेगळी आहे. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाले आणि ते देशातील पहिले सैनिक स्कूल आहे. राज्यातील दुसरे चंद्रपूरचे. सैनिकी शाळेत गेलेल्या मुलांचे यश मी कमी लेखत नाही, परंतु फलक वाचून फी भरणाऱ्या पालकाला हा फरक फी भरण्यापूर्वी कळायला हवा.

क्लासचे संचालक आम्हाला नेहमी सांगत, “ताई, दोनशेच्या वर गेली की जागा पक्की समजा.” त्यांचा हेतू धीर देण्याचा असावा. तथापि, अशी कोणतीही एक संख्या सर्व मुलांसाठी लागू होऊच शकत नाही. प्रत्येक सैनिक स्कूलमधील ६७ टक्के जागा त्या राज्यातील मुलांसाठी आणि ३३ टक्के बाहेरील राज्यांतील मुलांसाठी असतात. अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी साडेसात आणि इतर मागासवर्गांसाठी २७ टक्के आरक्षण असते, आणि उरलेल्या जागांतील चौथा हिस्सा आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असतो. मुलींना २०२१-२२ पासून सर्व सैनिक स्कूलमध्ये प्रवेश मिळू लागला, पण त्यांच्यासाठी जागा दहा टक्के किंवा किमान दहा, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्याच असतात. म्हणजे तेच दोनशे गुण एका मुलाला जागा मिळवून देतील आणि त्याच बाकावर बसलेल्या मुलीला देणार नाहीत. माझी मुलगी खुल्या प्रवर्गातील आहे. तिच्यासमोर असलेल्या जागा किती थोड्या आहेत, हे मला जूनमध्येच कळले असते तर मी तिला क्लासला घातलेच असते, मात्र तिच्याशी वेगळ्या शब्दांत बोलले असते.

नवोदयच्या बाबतीत तर मला क्लासचा सल्ला स्पष्टपणे नाकारावा लागला. ऑगस्टमध्ये आम्हाला सुचवण्यात आले की मुलीचे नाव गावातील शाळेतून काढून क्लासशी संबंधित असलेल्या शहरातील शाळेत घालावे, म्हणजे हजेरीचा प्रश्न राहणार नाही आणि दिवसभर तयारी करता येईल. नवोदयमधील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि त्या जागेवर हक्क सांगण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच शिकलेले असावे लागते. शहरातील शाळेत थोडे दिवस नाव असले तरी तो उमेदवार शहरी गणला जातो. शिवाय ज्या जिल्ह्यात मूल पाचवीला शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला अर्ज करता येतो, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. माहितीपुस्तिका वाचली नसती तर आम्ही शाळा सोडल्याचा दाखला काढून मोकळे झालो असतो. वर्गातील तीन मुलांनी तो दाखला काढला होता. त्या मुलांविषयी मला आजही वाईट वाटते, कारण त्यांचा अभ्यास माझ्या मुलीपेक्षा चांगला होता.

परीक्षेच्या वेळेचाही मुद्दा आहे. सैनिक स्कूलची परीक्षा दुपारी २ ते ४.३० या वेळेत झाली, १५० मिनिटांत १२५ प्रश्न. क्लासच्या सर्व चाचण्या मात्र रविवारी सकाळी आठ वाजता होत. दहा-अकरा वर्षांचे मूल सकाळी ताजेतवाने असते. जेवण करून, प्रवास करून, एप्रिलच्या उन्हात केंद्राबाहेर रांगेत उभे राहून आल्यावर तेच मूल शेवटच्या पन्नास प्रश्नांत वेगळे असते. शेवटच्या महिन्यात तरी दुपारच्या चाचण्या घ्याव्यात, अशी विनंती आम्ही काही पालकांनी केली होती. जागा दुसऱ्या वर्गाला दिलेली असल्याने ते जमले नाही. मी मग घरीच दोन रविवार दुपारी तिला पेपर सोडवायला बसवले. उत्तरपत्रिकेवर वर्तुळे भरण्याचा सराव मात्र क्लासने अतिशय काटेकोरपणे करून घेतला होता, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे: बॉलपेनने भरलेले वर्तुळ बदलता येत नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, ही शिस्त मुलीच्या हाताला बसली.

२०२५ मध्ये एक अडचण अशी आली, जिचा दोष क्लासला देता येणार नाही. नवोदयची चाचणी १८ जानेवारीला झाली, पण सैनिक स्कूलची परीक्षा ५ एप्रिलला ठेवण्यात आली. क्लासचे सारे नियोजन जानेवारीत संपणारे होते. फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने वाढीव फी न घेता वर्ग चालू ठेवले, हे क्लासने मोठ्या मनाने केले. परंतु शिकवणारे सर तोपर्यंत पुढील वर्षाच्या प्रवेशांत गुंतले होते आणि मुलांना जुन्याच प्रश्नपत्रिका तिसऱ्यांदा सोडवायला मिळाल्या. मुले कंटाळली, माझी मुलगीही कंटाळली.

निकाल असा लागला. नवोदयमध्ये तिची निवड झाली नाही. सैनिक स्कूलच्या परीक्षेत तिला गणितात ११४, बुद्धिमत्तेत ४२, भाषेत ४४ आणि सामान्य ज्ञानात २६, असे २२६ गुण मिळाले. ती पात्र ठरली आणि ऑनलाइन समुपदेशनात, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांत, आम्ही साताऱ्याला पहिली पसंती दिली. जागा मिळाली नाही. समुपदेशनात पसंतीक्रम कसा भरायचा, मिळालेली जागा स्वीकारणे आणि पुढील फेरीची वाट पाहणे यांत काय फरक आहे, जागा मिळाल्यावर वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी कशी होते, अधिवासाचा दाखला सेतू केंद्रातून किती आधी काढून ठेवावा, यांपैकी कशाचीही माहिती क्लासने दिली नाही. परीक्षा संपली की त्यांच्या लेखी काम संपले होते. पालकांच्या लेखी खरे काम त्यानंतर सुरू होते.

या क्लासला पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास गणित आणि बुद्धिमत्तेच्या शिकवणीला मी पूर्ण पाच देईन, सामान्य ज्ञानाला दोन आणि प्रवेशप्रक्रियेच्या मार्गदर्शनाला एक. ज्यांना आपल्या मुलाचे गणित पक्के करून घ्यायचे आहे, त्यांनी येथे अवश्य जावे. मात्र पहिल्याच भेटीत दर आठवड्याला विषयवार गुण लेखी मिळतील का, हे विचारून घ्यावे आणि दोन्ही परीक्षांच्या माहितीपुस्तिका स्वतः वाचाव्यात. शाळा बदलण्याचा सल्ला मिळाल्यास त्या वाचेपर्यंत दाखल्याला हात लावू नये.

मुलगी आता गावातील शाळेतच सहावीला आहे. नववीच्या प्रवेशासाठी सैनिक स्कूलची परीक्षा पुन्हा देणार, असे तिने स्वतः ठरवले आहे. ती परीक्षा ४०० गुणांची असते, तीत गणिताचे २०० गुण असतात आणि तिचे माध्यम फक्त इंग्रजी असते. त्यामुळे या वर्षी आम्ही क्लास लावलेला नाही. रोज रात्री जेवणानंतर ती गणिताचे एक प्रकरण इंग्रजी पुस्तकातून मोठ्याने वाचते आणि मी शब्दकोश घेऊन तिच्या शेजारी बसते.