रत्नागिरीत लेकीचे कान दाखवले

कान दुखत नाही, वाहत नाही, मग दाखवायचा कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं. पण अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं (हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, तपासणी फुकट). त्यांनी चिठ्ठी दिली, म्हणून पावसहून एसटीने रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी लेकीला बाहुलीचा कान दुर्बिणीतून बघू दिला, मग तिचा बघितला. मळ काढल्यावर पडद्यामागे पाणी साठलेलं दिसलं. हे बहुधा दुखत नाही, ऐकू मात्र कमी येतं. हाक मारली तरी वळत नाही म्हणून मी तिला किती रागावले होते! फार वाईट वाटलं.

औषध दिलंच नाही. बहुतेक मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं, तेव्हा परत या, म्हणाले. कानात तेल घालणंही बंद करायला सांगितलं. हे मला सगळ्यात आवडलं. बसायला जागा मात्र अपुरी, दीड तास उभे होतो.

गणपती झाल्यावर परत गेलो, पडदा स्वच्छ. आता परसातून हाक मारली की ओटीवरून ओ देते.