कोयता नऊ महिने वापरला, पडलेली झाडं तोडायला कितपत चालतो

मागच्या जुलैत आमच्या जांबोटीकडच्या शेतात वाऱ्यानं दोन अकेशिया आणि एक जांभूळ आडवं झालं, तेव्हा घेतलेला हा कोयता. आता एप्रिल चालू आहे. मी राहतो बेळगावात टिळकवाडीला, शेतावर शनिवार-रविवारच जाणं होतं, त्यामुळे रोज लाकडं तोडणाऱ्या माणसाचा हा अनुभव नाही हे आधीच सांगतो.

पहिली चूक म्हणजे घरात होता तो ऊसतोडीचा कोयता घेऊन गेलो. चिकोडी-रायबागकडं ऊस तोडायला तो झकास, पण पातं पातळ, अकेशियाच्या वाळक्या फांदीवर चार घाव घातले आणि धार चक्क मुडपली, नखानं जाणवत होती. मग गावातल्या लोहाराकडनं ट्रकच्या कमानपाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) करून घेतला. पातं १४ इंच, पाठ ६ मिमी, वजन मुठीसकट ९०० ग्रॅमच्या आसपास, ६५० रुपये पडले. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो म्हणून धार धरतं आणि सहसा तुटत पण नाही, फक्त पाणी नीट पाजायला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून बेताचं कडक करायला पाहिजे.

ते आमचं पहिल्यांदा चुकलंच. जांभळाच्या एका गाठीवर घाव बसला आणि धारेचा तांदळाएवढा टवका उडाला. परत नेला तर लोहारानं धारेवर कानस ओढून बघितली, ती नुसती घसरत होती, म्हणाला लईच कडक झालंय. परत तापवून फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली, बाहेर काढून घासली, मागच्या पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडं यायला लागली आणि तिथं गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला तसा झटकन पूर्ण पाण्यात घातला. दहा सेकंदाचा खेळ असेल, पण त्यानंतर आजतागायत एकही टवका नाही.

आता मुख्य गोष्ट, तोडायची. मी सुरवातीला सरळ काटकोनात घाव घालत होतो, कोयता उडून परत यायचा आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. शेतावर येणारे एक म्हातारे मामा बघत बसले होते, ते म्हणाले, "अगा तू कशाला एवढा जोर करुलालास? कोयत्याला करू दे की काम!" मग दाखवलं. एक घाव डावीकडनं तिरका, एक उजवीकडनं तिरका, मधली ढलपी आपोआप उडते. खाचेचं तोंड लाकडाच्या जाडीएवढं रुंद ठेवायचं, नाहीतर निम्म्यात पोचलं की पातं अडकतंय. निम्मं झालं की ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूनं. घाव बसावा पात्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात, वाकण चालू होतं तिथं, मुठीजवळ मारलं तर सगळा धक्का हाताला. वाकलेल्या टोकाचा दुसरा फायदा असा की काटेरी डहाळ्या हात न लावता ओढता येतात, कुऱ्हाडीला ते जमत नाही.

चार-पाच इंच जाडीपर्यंत मला कुऱ्हाडीची आठवण येत नाही. सात इंचाला घाम निघतो. बुंधा दहा इंचाचा होता, तिथं भाड्यानं कटर मशीन आणलं, उगाच मर्दुमकी नको.

वाकून दाबात असलेली फांदी मात्र जपून. आतल्या, दबलेल्या बाजूला आधी छोटी खाच पाडायची, मग ताणलेल्या बाजूनं थोडं थोडं. मी उलट केलं आणि फांदी सटकन गुडघ्यावर आली, आठवडाभर जिना चढताना देव आठवत होता. ओंडक्याखाली एखादं लाकूड सरकवा, नाहीतर शेवटचा घाव दगडावर. आणि ओंडका हातानं उलटायच्या आधी काठीनं हलवून बघा, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, निघालंय आमच्यात.

तक्रार एकच, पण मोठी. मूठ. पावसाळ्यात लाकूड फुगून घट्ट बसलेली, मार्चच्या उन्हात आटली आणि खुळखुळायला लागली, मी सायकलची ट्यूब गुंडाळून भागवलं. त्याच दिवशी घाव उचलताना पातं निसटलं आणि सहा फुटांवरच्या काटक्यांच्या ढिगात जाऊन रुतलं. तिकडं कोण नव्हतं म्हणून बरं. उघडून बघितलं तर शेपूट, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं टोक, जेमतेम दोन इंच घातलेली. आता आरपार घालून मागं ठोकून वाकवून घेतली आहे. करून घेताना हे समोर उभं राहून बघा, ट्यूबवर विश्वास ठेवू नका.

बाकी देखभाल काही विशेष नाही. महिन्यातनं एकदा कानस, मग दगड, आणि जून ते सप्टेंबर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, आमच्याकडच्या पावसात एका रात्रीत गंज धरतोय.

आणि हो, हे सगळं आपल्या मालकीच्या जागेतलं. फॉरेस्ट लागून असेल तर हद्दीपलीकडचं पडलेलं लाकूड पण उचलू नका, आमच्याकडचं भीमगडचं जंगल २०११ ला अभयारण्य झालंय.

पुढच्या वेळी लोहाराकडं गेलो की टोक अर्धा इंच कमी करून घेणार, दोनदा मातीत घुसलंय.