अडलेला इंग्रजी शब्द: आधी अंदाज की आधी शब्दकोश?

वाचताना इंग्रजी शब्द अडला की फोनवर त्याचा अर्थ लगेच पाहता येतो, नाहीतर आजूबाजूच्या मजकुरावरून काढता येतो. दोन्ही पद्धती चालतात. कोणती सोयीची, हे बरंचसं समोरच्या पानावर ठरतं.

शब्दकोशाचा वेग वादातीत आहे. खटकतो तो त्याचा पहिला अर्थ. हे वाक्य घ्या: 'शी हॅड हार्बर्ड द सस्पिशन फॉर इयर्स, बट नेव्हर स्पोक ऑफ इट.' 'हार्बर' शोधलं की सहसा आधी समोर येतं 'बंदर'. क्रियापदाचे अर्थ त्याखाली, त्यातही 'आसरा देणे' वगैरे ओलांडून पुढे जावं लागतं. तोवर वाक्याचा धागा सुटतो आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. एका पानात असं चार-पाचदा झालं की गोष्ट राहते बाजूला. माझा कल अंदाजाकडे झुकला तो या एका कटकटीमुळे.

आता तेच वाक्य अंदाजाने सोडवू. शब्द 'हॅड'नंतर आलाय, शेवटी 'ईडी' आहे, म्हणजे क्रियापद. त्याचं कर्म संशय. 'फॉर इयर्स', म्हणजे क्रिया वर्षानुवर्षं चाललेली. आणि 'बट'नंतर कळतं की ती त्याबद्दल कधी बोलली नाही. संशयाचं माणूस इतकी वर्षं, न बोलता काय करतं? मनात बाळगतं. हा अर्थ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य वाचा, चपखल बसतो.

आधी शब्दाची जात, मग शेजारचे शब्द, मग 'बट', 'बिकॉज', 'दो' यांनी जोडलेली वाक्यं, मग अंदाज, शेवटी पडताळणी. भाषाशिक्षणाचे अभ्यासक क्लार्क आणि नेशन यांनी १९८० मध्ये साधारण हाच क्रम मांडला. शब्दाची फोड त्यांनी पडताळणीसाठी राखून ठेवली, आणि ते फार योग्य आहे. 'शॉर्टकमिंग्ज' आधीच फोडला तर 'थोड्या वेळाच्या भेटी' असा अर्थ निघतो. खरा अर्थ उणिवा. फोडीचा अर्थ एकदा डोक्यात बसला की वाचणारा सगळं वाक्यच त्याला जुळवून घेतो.

अंदाज कमी पडतो तो छटेत. 'हिज ब्रदर स्पेंट एव्हरी पेनी, बट ही वॉज फ्रूगल.' हा पैसे उधळणारा नाही, इतकं 'बट'वरून कळतं. पण कंजूष की काटकसरी? हे या वाक्यातून ठरत नाही. चांगला शब्दकोश सांगतो: काटकसरी. औषधाची माहिती, करार, धोक्याची सूचना यांतही अंदाज नकोच. 'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकारार्थी मानला, तर चटकन पेट घेणारी वस्तू न पेटणारी ठरते.

शिवाय अंदाज लागायला भोवतालचे शब्द ओळखीचे असावे लागतात. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, मदतीशिवाय मजकूर नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द माहीत हवेत असं दिसलं. म्हणजे पन्नासात एक अनोळखी, तीनशे शब्दांच्या पानात सहा. तुम्हाला पानात पंधरा अडत असतील, तर एक अंदाज दुसऱ्या अंदाजावर उभा राहतो आणि सगळंच घसरतं. तिथे शब्दकोश घ्या, किंवा सध्या सोपं पुस्तक घ्या.

पान हलकं असेल तर मात्र शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा, समासात मराठीत अंदाज लिहा आणि पुढे चला. कोश प्रकरण संपल्यावर उघडा. तेव्हा नोंदीतला पहिला अर्थ उचलू नका, तुमच्या अंदाजाच्या जवळचा शोधा. असा एकही नसेल तर वाक्याकडे परत या. एकदाच आलेला, वाक्य न अडवणारा शब्द सोडून दिला तरी चालतो.