डोमिसाइलचा दाखला की देशभर एकच नियम?

मृत दात्याचा अवयव कोणाला आधी मिळावा, राज्यातल्या माणसाला की ज्याला जास्त गरज आहे त्याला? काही राज्यांत वेटिंग लिस्टवर नाव घालायलाच डोमिसाइल, म्हणजे त्या राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला, लागायचा, म्हणजे नोकरीसाठी जळगावहून सुरतला गेलेला माणूस डायलिसिस तिथंच करणार, टॅक्स तिथंच भरणार, पण किडनीच्या यादीत मात्र नाव नाही. गुजरात हायकोर्टानं 2022 मध्ये ही अट रद्द केली ते बरंच झालं, आणि 2023 मध्ये केंद्रानंही सगळ्या राज्यांना सांगितलं की डोमिसाइल नको, रजिस्ट्रेशन फी नको, 65 वयाची मर्यादा पण नको.

राज्यांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, मेहनत घेऊन डोनेशन वाढवायचं त्यांनी आणि अवयव जायचे बाहेर, हे खुपणारच. शिवाय हार्ट चारेक तासांत बसवावं लागतं, म्हणून जवळच्या हॉस्पिटलला आधी द्या हे पटतं. पण अंतर वेगळं न् दाखला वेगळा ना!

मला एकच नियम हवाय. अडचण ही की आरोग्य राज्यांचा विषय, केंद्राचा अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा महाराष्ट्र, गोवा, हिमाचलनं सुरुवातीलाच स्वीकारला, बाकीची राज्यं आपापल्या सवडीनं आली, त्यामुळे नुसत्या सूचना पुरणार नाहीत, कायद्यातच लिहा.