अंतराचा इशारा देणारं यंत्र ट्रकवर: एक पावसाळा, एक ऊस हंगाम

बेळगाव-पुणे लाईनवर माझी दहाचाकी चालते. जाताना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, येताना मिळेल ते भाडं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिला पुढच्या गाडीचं अंतर सांगणारा कॅमेरा बसवून घेतला. कंपनीतूनच रडार लावून येतं तो प्रकार वेगळा, हा बाहेरून काचेला चिकटवायचा. ब्रेक मारत नाही, नुसता ओरडतो. निपाणीत अजून काही जण आमच्या गाडीला 'ऑटोमॅटिक ब्रेकवाली' म्हणतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एक गोल डबी असते. समोर गाडी आली की तिच्यावर आकडा उमटतो: २.१, १.८, १.४. हे सेकंद आहेत. पुढची गाडी आत्ता जिथे आहे तिथे पोचायला आपल्याला लागणारा वेळ. ८० च्या स्पीडला सेकंदाला २२ मीटर जातात, ६० ला साधारण १७. आकडा एकच्या खाली घसरला की लाल होतो आणि टीं-टीं चालू. भरलेल्या गाडीत पाय उचलून ब्रेकवर यायलाच एक-दीड सेकंद जातो, वर ब्रेकची हवा पोचून लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, धरेपर्यंत अजून अर्धा. हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण स्टेअरिंगवर बसल्यावर आठवत नाही. आकडा डोळ्यासमोर असला की आठवतो, इतकंच या यंत्राचं काम. तेवढं ते नीट करतं.

गाडीवर ड्रायव्हर म्हणून मामा असतात. हुक्केरीकडचे, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. सुरुवातीला रोज फोन: "मालक, ही पिपाणी आदी काढा बगा." यंत्राला "सुम्मनिरो!" म्हणून दटावायचेही. त्यांचं खोटं नव्हतं. रिकाम्या रस्त्यावरही ते ओरडत होतं. बघितलं तर बसवणाऱ्याने कॅमेऱ्याची उंची अंदाजाने भरलेली, आणि यल्लम्माच्या फोटोखालचा रेशमी गोंडा नेमका कॅमेऱ्यापुढे हेलकावे खात होता. टेप लावून जमिनीपासूनची उंची आणि बंपरपर्यंतचं अंतर पुन्हा मोजून भरायला लावलं. फोटो मामांनी स्वतःच्या हाताने वीतभर डावीकडे घेतला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग खोटी ओरड जवळजवळ थांबली.

त्यांची खरी तक्रार पुढची होती. दोन सेकंद अंतर सोडलं की त्यात कारवाले घुसतात. काकती सोडली की हत्तरगी टोलपर्यंत हाच खेळ. एक घुसला, मागे सरा, दुसरा घुसला, पुन्हा मागे सरा, मग पुण्याला पोचायचं कधी? मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडला. एक कार मध्ये आली आणि आपण पुन्हा दोन सेकंदांचं अंतर केलं, तर आपले फार तर दोन सेकंद गेले. वाटेत तीस जण घुसले तरी एक मिनिट. कोगनोळीच्या टोलवर फास्टॅग एकदा अडला की त्याहून जास्त वेळ जातो. मामा हसले नाहीत, पण त्यानंतर आकडा बघायला लागले. आता मोकळ्या रस्त्याला तो बहुतेक दोनच्या वर असतो.

तवंदी घाट उतरताना मला ते सगळ्यात उपयोगी वाटलं. निपाणीच्या बाजूच्या उताराला पुढचा भरलेला ट्रेलर हळू होतोय हे उशिरा कळतं, कारण एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करत, उतरणाऱ्याचा लाल दिवा लागेलच असं नाही. इथे आकडा २.४ चा २.० होताना आधीच दिसतो आणि गेअर टाकायला वेळ मिळतो. वळणावर मात्र ते गोंधळतं. समोरची गाडी सोडून शेजारच्या लेनमधली पकडतं.

आता ऊस. संकेश्वर, चिकोडी पट्ट्यात साखर कारखाने चालू झाले की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर हायवेवर येतात. ऊस मागे इतका बाहेर आलेला असतो की दिवा, रिफ्लेक्टर सगळं झाकलं जातं. हा कॅमेरा गाडीची पाठ ओळखतो, म्हणजे चौकोनी आकार, दोन दिवे, चाकं. उसाचा ढीग त्याला गाडी वाटतच नाही. कधी शेवटच्या क्षणी ओळखतो, कधी ओळखतच नाही. समजा आपण ६० ने आणि ट्रॉली २० ने. अंतर सेकंदाला ११ मीटरने तुटतं. टक्कर व्हायच्या अडीच सेकंद आधी इशारा मिळाला तरी हातात सत्तावीस-अठ्ठावीस मीटर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पाय ब्रेकवर जाऊन हवा भरेपर्यंतच संपतात. म्हणून हंगामात रात्री मामांना सांगून ठेवलंय की डबी गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरायचं नाही. ट्रॉलीला मागून लाल कापड आणि चालू दिवा सक्तीने लावून घेतला, तर असल्या दहा कॅमेऱ्यांपेक्षा जास्त फायदा होईल. पण ते कोण लावून घेणार?

पावसात वायपर जिथून फिरतो त्या पट्ट्यात कॅमेरा असेल तर चालतो. खानापूरकडच्या झोडपणाऱ्या पावसात तोही बंद पडतो, पण तसं डबीवर दाखवतो तरी.

लायनर नेहमीपेक्षा जास्त टिकले, हे गॅरेजवाल्यानेच आपण होऊन सांगितलं. डिझेल वाचतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लोड आणि भाडं दर फेरीला बदलतं, हिशेब लावणार कशाशी?

घेणार असाल तर स्पीडची वायर गाडीतूनच जोडून घ्या. नुसत्या जीपीएसवर चालणारं घेऊ नका, खंबाटकीच्या बोगद्यात त्याला स्पीडच कळत नाही. आवाज कमी करता येतो का ते बघा. बंद करता येतो का ते ड्रायव्हरला दाखवू नका. माझ्या दुसऱ्या गाडीलाही बसवणार आहे, पण तिची काच ओरखड्यांनी धुरकट झालीय, ती आधी बदलावी लागेल.