रांगणा की भुदरगड?

कोल्हापुरातून एका दिवसात जायचं तर दोन्ही गडांची वाट गारगोटीवरूनच जाते. भुदरगड सोपा आहे. गाडी पेठशिवापूरच्या पुढे जवळजवळ गडापर्यंत पोचते. वर भैरवनाथाचं देऊळ आणि भलामोठा तलाव. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जायचं तर हाच.

पण डोंगरमाथ्यावरून खाली बघायची खरी हौस असेल तर रांगणाच! पाटगावमार्गे भटवाडी, तिथून चिक्केवाडीपर्यंत दाट जंगल. पावसाळ्यात मोज्यात जळवा शिरतात, मिठाची पुरचुंडी खिशात हवीच. रांगणाई देवीला नमस्कार करून कड्यावर आलं की पायाखाली थेट कोकण. तिथं बसून खाल्लेल्या भाकरी-ठेच्याची चव घरी येत नाही. पहाटे पाचलाच निघा, अंधार पडायच्या आत जंगल पार व्हायला हवं.