बोटीच्या मागे कुठलं गाव लिहायचं: रॉक हॉल, विल्मिंग्टन की एडिसन?

आपल्यातले जे लोक न्यू जर्सीत राहतात आणि बोट मेरीलँडच्या बाजूच्या चेसापीक बे या खाडीत ठेवतात त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की कोस्ट गार्डच्या डॉक्युमेंटेशनचा, म्हणजे बोटीच्या केंद्रीय नोंदणीचा, फॉर्म भरताना हेलिंग पोर्टच्या, म्हणजे बोटीच्या मागे लिहायच्या गावाच्या, रकान्यात लिहायचं काय. किमान पाच नेट टन आकाराची अट, सिटिझनशिप, लोन देणारी बँक हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही. मी ही निवड दोनदा केली, २०१७ ला एक आणि २०२२ ला दुसरी, आणि मधल्या पाच वर्षांत जे कळलं ते सांगतो.

नियम तसा ढिला आहे. जागा अमेरिकेतली पाहिजे, राज्याचं नाव सोबत पाहिजे, बास. बोट खरंच तिथे असते का, त्या गावाला पाणी तरी आहे का, हे कोणी विचारत नाही. ढिला असल्यामुळेच माणूस विचार करत बसतो. मला खरं तर मालवण लिहायचं होतं. आजोळ तिथलं, समुद्र पहिल्यांदा बघितला तो तिथे, सिंधुदुर्गाची तटबंदी समोर ठेवून. पण मालवण अमेरिकेत नाही, त्यामुळे तो विषय संपला. बोटीच्या नावातही रोमन अक्षरंच चालतात, म्हणून ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट बाजूवर, रोमनमध्ये 'गलबत' हे तिचं नाव आहे, आणि देवनागरीतली छोटी सागवानी पाटी केबिनच्या आत लावलीये.

एका मित्राने सुचवलं की न्यूयॉर्क राज्यात, अगदी कॅनडाच्या सीमेजवळ, बॉम्बे नावाचं गाव आहे, ते लिही. गाव खरंच आहे, नावही आपल्या मुंबईवरूनच पडलंय, आणि नियमात ते बसलं असतं. दोन आठवडे मी ते मनात घोळवलं. पण ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलं नाही ते बोटीच्या पाठीवर घेऊन फिरायचं आणि भेटेल त्याला गोष्ट सांगत बसायचं हे मला जमलं नसतं. तुमचं मुंबईशी नातं घट्ट असेल तर जरूर विचार करा.

विल्मिंग्टन, डेलावेअर तुम्हाला पूर्वेकडच्या कुठल्याही मरीनात (बोटी भाड्याने बांधून ठेवायच्या धक्क्यावर) बऱ्याच बोटींवर दिसेल. डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही, तिथल्या कंपनीच्या नावावर बोट घेणारेही असतात, त्यामुळे ते नाव पसरलंय. पण मागे विल्मिंग्टन लिहिलं म्हणून मेरीलँडचा बोटीवरचा पाच टक्के एक्साइज टॅक्स टळेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, बोट वर्षभरात सगळ्यात जास्त कुठे वापरली जाते ते बघतात, ट्रान्समवरची अक्षरं नाही. तिथे राहत असाल तर उत्तम नाव आहे. माझ्यासाठी ते कोणाचंच गाव नव्हतं.

म्हणजे उरले दोन, बोट जिथे बांधलेली असते ते आणि आपण जिथे राहतो ते, माझ्या बाबतीत एडिसन.

पहिल्यांदा मी रॉक हॉल, मेरीलँड लिहिलं, कारण स्लिप, म्हणजे बोट बांधायची भाड्याची जागा, तिथे होती. आणि सुरुवातीला फार छान वाटलं हे कबूल करतो. रॉक हॉल हे खेकडे आणि ऑयस्टर पकडणाऱ्यांचं जुनं गाव आहे, हार्बरमध्ये शिरताना कामाच्या बोटी आणि शिडाच्या बोटी शेजारी शेजारी दिसतात, आपल्याकडच्या बंदराची आठवण येते. मागे ते नाव असलं की ॲनापोलिसला नांगर टाकल्यावर शेजारची माणसं आपणहून हात करतात, तिकडे गाळ किती साचलाय, कुठल्या डॉकवर असता असं विचारतात. बोट त्या पाण्यातली आहे असं वाटतं, नुसती गाडीने येऊन वीकेंडला चालवायची वस्तू वाटत नाही. हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही.

मग चौथ्या सीझनला मरीनाने भाडं इतकं वाढवलं की मला ते परवडेना, आणि मी बोट वर ससाफ्रास नदीत हलवली. तिथून घरही जवळ पडतं. बोट हलली पण मागचं नाव रॉक हॉलच. कायद्याने काही अडत नव्हतं, पण नवीन डॉकवर पहिल्याच शनिवारी दोघांनी विचारलं, रॉक हॉलहून आलात का, किती दिवस आहात. मी इथलाच आता, हे मला त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा सांगावं लागलं की शेवटी मागचं गाव बदलून एडिसन लिहायचं ठरवलं. नाव बदलायचं म्हणजे सर्टिफिकेट पण बदलायचं, कारण हेलिंग पोर्ट त्याच्यावर छापलेलं असतं. एक्स्चेंजचा अर्ज आणि ८४ डॉलर फी, त्याचं फार वाटलं नाही. कागद हातात आला आणि एका रविवारी सकाळी हीट गन घेऊन डिंगीत, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीत, बसलो, जुनी चिकटवलेली विनाइलची अक्षरं हळूहळू सोलली, गोंद साफ केला, आणि बघतो तर रॉक हॉल तिथेच! अक्षरांच्या भोवतीचा जेलकोट (बोटीचा वरचा चकचकीत रंगीत थर) पाच उन्हाळे खाऊन फिका झालेला आणि अक्षरांच्या खालचा निळा तसाच गडद, एकेक अक्षर स्वच्छ वाचता येतं. कंपाउंड लावून दोन वीकेंड घासलं, मशीनने पॉलिश केलं, खांदे भरून आले, थोडं पुसट झालं इतकंच. आजही सकाळचं तिरपं ऊन पडलं की एडिसनच्या मागे रॉक हॉल दिसतं आणि मला दर वेळी ते टोचतं.

माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. स्लिप ही भाड्याची जागा आहे, भाडं वाढतं, मालक बदलतो, मुलं मोठी झाली की जवळची नदी बरी वाटते. घरही बदलतं म्हणा, पण माझ्या ओळखीत मरीना बदलणारे जास्त आहेत आणि गाव बदलणारे कमी. हे काही मोजलेलं नाही, दिसतं ते सांगतोय.

एडिसन, न्यू जर्सी या नावाला लोक हसतील अशी भीती मला होती, कारण मॉल आणि हायवेचं गाव. पण एडिसन रॅरिटन नदीवर आहे, टाउनशिपचं स्वतःचं बोट बेसिन आहे, तिथून निघून रॅरिटन बे आणि पुढे थेट समुद्र. एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो.

आणि एक गोष्ट झाली जी रॉक हॉलने पाच वर्षांत झाली नव्हती. चेसापीक सिटीला, कॅनॉलच्या बेसिनमध्ये नांगर टाकून आम्ही चहा करत होतो, तर एक कयाक मागून आली, ट्रान्समपाशी थांबली आणि त्यातल्या बाईंनी हाक मारली, "अहो, गलबत म्हणजे आपलंच ना? एडिसनला कुठे राहता तुम्ही?" नवरा-बायको दोघं अलिबागकडचे, आता पलीकडच्याच गल्लीत राहतात, एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, आम्ही एकमेकांना नक्की शंभरदा ओलांडलं असणार. नुसत्या गलबतवर त्यांनी हाक मारली असती का, माहीत नाही. खाली एडिसन वाचून त्यांची खात्री झाली असं त्या म्हणाल्या. ते दोघं वर आले, चहा झाला, पोह्याला थांबले.

तुमचं घर पाण्यावर असेल आणि स्वतःचाच डॉक असेल तर दोन्ही नावं एकच, प्रश्नच नाही. बोट दहा वर्षं एकाच मरीनात राहणार याची खात्री असेल तर तिथलं नाव लावा, त्यात वेगळा आनंद आहे. नाहीतर, मला विचाराल तर, घराचं गाव.

काहीही ठरवा, पण विनाइलची ऑर्डर सर्टिफिकेट हातात आल्यावरच द्या, आणि त्याआधी चार इंच उंचीची अक्षरं कागदावर कापून ट्रान्समवर चिकटवून डिंगीतून बघा. मी बघितलं तेव्हा राज्याची दोन अक्षरं बरोबर शिडीच्या मागे जात होती, म्हणून सगळं एक वीतभर डावीकडे घेतलं.